उसन्या सुरांचा दणका

रॉक म्हटलं की गिटार, हे समीकरण ज्या मोजक्या मंडळींनी मोडलं त्यांत एमर्सन, लेक अँड पामर हे नाव फार वरचं. चाहत्यांच्या तोंडी नुसतं ‘ईएलपी’. हे त्रिकूट १९७० साली इंग्लंडमध्ये जमलं. कीबोर्डवर कीथ एमर्सन, बास, गिटार आणि गायनाला ग्रेग लेक, ड्रमवर कार्ल पामर. एमर्सनच्या भोवती हॅमंड ऑर्गन, पियानो आणि जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारख्या वायरी लोंबणारा भलामोठा मूग सिंथेसायझर. माणसं तीनच, पण आवाज अख्ख्या वाद्यवृंदाचा.

लेकचा गळा सुरेल होता आणि त्याची गाणी रेडिओवर खूप वाजली. तरीही ईएलपीचं खरं बळ शब्द थांबतात तिथे सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे. आणि त्यांच्या सर्वांत गाजलेल्या वाद्यधुना बहुतेक उसन्या आहेत. बार्टोक, मुसॉर्गस्की, कोपलँड, जिनास्तेरा, प्रोकोफिएव्ह, रोद्रिगो अशा थोरामोठ्यांच्या घरून आणलेल्या. मूळ मालकांपैकी कुणी तोंडभरून दाद दिली, कुणाच्या घरच्यांनी हिशेब मागितला, कुणाच्या वारसांनी दारच उघडलं नाही. हा देण्याघेण्याचा व्यवहार ठाऊक असला की या धुना ऐकायची रंगत वाढते.

बार्टोकच्या घरून विचारणा

नोव्हेंबर १९७० मध्ये पहिला अल्बम आला. सुई टेकताच सुरू होते ती ‘द बार्बेरियन’. फझ लावलेला बास गुरगुरत येतो, त्याच्यावर ऑर्गन कोसळतो आणि मग सगळा गोंगाट बाजूला सारून एकटा पियानो सुसाट धावत सुटतो. साडेचार मिनिटांत खेळ खलास. अल्बमची सुरुवात अशी एकही शब्द न उच्चारता करायची, तीही पहिल्याच अल्बमची, याला धाडस लागतं.

मूळ रचना बेला बार्टोकची, ‘आलेग्रो बार्बारो’. त्याने ती १९११ साली एकट्या पियानोसाठी लिहिली. पियानोच्या पट्ट्यांवर हातोडे घातल्यागत वाजवायची ही चीज आहे, त्यामुळे ती रॉकच्या हाती सहज पडली यात नवल नाही. घोटाळा झाला तो श्रेयाचा. अल्बमच्या मूळ ब्रिटिश आवृत्तीवर संगीतकार म्हणून फक्त या तिघांची नावं छापली गेली. बार्टोक १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये वारला होता, म्हणजे त्याच्या रचनांवरचे हक्क अजून शाबूत होते. त्याच्या पत्नीकडून विचारणा झाली आणि पुढच्या आवृत्त्यांवर बार्टोकचं नाव रीतसर आलं. याच अल्बममधल्या ‘नाइफ एज’ या गाण्यात यानाचेकची ‘सिन्फोनिएता’ आणि बाखच्या फ्रेंच स्वीटचा तुकडा आहे. त्यांचाही सुरुवातीला उल्लेख नव्हता. पुढे मात्र ईएलपीने मूळ संगीतकाराचं नाव ठळक छापायला सुरुवात केली आणि त्यामुळेच रॉक ऐकणारी हजारो पोरं शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डी शोधत फिरू लागली.

याच अल्बममध्ये एमर्सनची स्वतःची ‘द थ्री फेट्स’ ही तीन भागांची रचना आहे. त्यातला ‘क्लोथो’ हा भाग लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या अजस्र पाइप ऑर्गनवर वाजवलेला आहे. हेडफोन लावून ऐका. खालचे सूर कानांपेक्षा छातीला आधी कळतात.

चित्रं, तोफा आणि स्वस्तातली रेकॉर्ड

व्हिक्टर हार्टमन नावाचा रशियन चित्रकार आणि वास्तुकार १८७३ साली अचानक गेला. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गला त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. त्याचा मित्र मॉडेस्ट मुसॉर्गस्की ते पाहून आला आणि त्याने पियानोसाठी ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ लिहिलं. १९२२ मध्ये मॉरिस रॅव्हेलने ते वाद्यवृंदावर चढवलं. तोच अवतार एमर्सनने लंडनच्या एका मैफिलीत ऐकला, दुसऱ्या दिवशी जाऊन स्वरलिपी विकत घेतली आणि दोघा साथीदारांपुढे ठेवली.

२९ ऑगस्ट १९७० रोजी आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात लाखोंच्या गर्दीपुढे हे त्रिकूट उभं राहिलं, तेव्हा त्यांच्या जाहीर कार्यक्रमांचा आठवडाही उलटला नव्हता. कार्यक्रमाच्या गाभ्याला ‘पिक्चर्स’च होतं आणि त्याच्या शेवटाला रंगमंचावरच्या खऱ्या तोफा उडवल्या. वर्तमानपत्रांना दुसरं काय हवं!

रेकॉर्डवर ऐकायला मिळतं ते मार्च १९७१ मध्ये न्यूकॅसलच्या सिटी हॉलमध्ये झालेलं ध्वनिमुद्रण. सुरुवातीची ‘प्रॉमिनाड’ ही धून एमर्सन त्या सभागृहाच्याच पाइप ऑर्गनवर वाजवतो. अगदी सरळ, कुठे वळण नाही की मुरकी नाही. मग ‘द नोम’ येतो, पामर ड्रमवर दातओठ खात तुटून पडतो आणि पाचच मिनिटांपूर्वी आपण चर्चमध्ये बसल्यागत गंभीर होतो हे विसरायला होतं. ‘ब्लूज व्हेरिएशन’मध्ये तर मुसॉर्गस्की चक्क ब्लूजच्या अड्ड्यावर जाऊन बसतो.

एवढी कमाल रेकॉर्ड, पण कंपनीला ती विकायची कशी हेच उमगेना. रॉक म्हणावी की शास्त्रीय? बाहेर चोरून केलेली ध्वनिमुद्रणं फिरू लागली. शेवटी १९७१ च्या नोव्हेंबरात ती नेहमीपेक्षा कमी किमतीत बाजारात आली आणि ब्रिटनमध्ये पहिल्या तिनांत पोचली.

रेकॉर्डच्या शेवटी ‘नट रॉकर’ आहे. चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’मधल्या मार्चचा हा रॉक अँड रोल अवतार. पण तो ईएलपीने घडवलेला नाही. बी. बंबल अँड द स्टिंगर्स या अमेरिकन मंडळींनी तो आधीच वाजवला होता आणि १९६२ साली ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला होता. म्हणजे ही उसनवारीची उसनवारी. एमर्सन ती क्लॅव्हिनेटवर वाजवतो, प्रेक्षक टाळ्यांचा ठेका धरतात आणि मगाशी मुसॉर्गस्कीपुढे दबकून बसलेलं सभागृह नाचायला लागतं.

पाच मात्रांवरून वाद

‘टार्कस’ या रचनेत मात्र सगळा माल घरचा. १९७१ साली आलेल्या त्याच नावाच्या अल्बमच्या एका अख्ख्या बाजूवर वीस मिनिटांहून लांब अशी ही एकच रचना आहे. सात तुकडे, त्यांतले ‘इरप्शन’, ‘आयकोनोक्लास्ट’, ‘मँटिकोअर’ आणि ‘अ‍ॅक्वाटार्कस’ हे चार शब्दांविना. मुखपृष्ठावर विल्यम नीलने काढलेला तो प्रसिद्ध प्राणी: अर्धा आर्माडिलो, अर्धा रणगाडा.

सुरुवात झाली पामरच्या सरावातून. तो पाच मात्रांचा एक ठेका घोटत होता आणि एमर्सन त्यावर पियानो बसवू लागला. झपतालावर पोसलेल्या आपल्या कानांना पाचाचं काही वाटत नाही, पण चार मात्रांच्या रॉकमध्ये ते वेगळं प्रकरण होतं. ‘इरप्शन’मध्ये डावा हात पाचाचं चक्र न थकता फिरवत राहतो आणि उजवा हात त्यावर भलत्याच जागी घाव घालतो. सम हुकली असं वाटतं न वाटतं तोच तिघेही नेमके एका जागी येऊन आदळतात. अडीच-पावणेतीन मिनिटांचा हा तुकडा मी ईएलपीच्या सगळ्या कामात वरच्या पहिल्या दोनांत ठेवेन.

लेकला मात्र हे सगळं सुरुवातीला अजिबात पसंत नव्हतं. असलं काही वाजवायचं तर स्वतःच्या वेगळ्या अल्बमवर वाजव, असं त्याने एमर्सनला सुनावलं. प्रकरण व्यवस्थापकांच्या बैठकीपर्यंत गेलं, मग लेक राजी झाला आणि त्याने त्यात आपली गाणी गुंफली. अल्बम ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला. यातल्या ‘मँटिकोअर’चं नाव पुढे त्यांनी आपल्या रेकॉर्ड कंपनीलाच दिलं.

आणि मग चक्र उलटं फिरलं. ताकाशी योशिमात्सु हा जपानी संगीतकार तरुणपणापासून प्रोग्रेसिव्ह रॉकचा वेडा. त्याने ‘टार्कस’ पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहून काढलं आणि २०१० मध्ये टोकियो फिलहार्मोनिकने ते वाजवलं. २०१२ मध्ये एनएचके या जपानी वाहिनीच्या ‘ताइरा नो कियोमोरी’ या ऐतिहासिक मालिकेला योशिमात्सुचं संगीत होतं, त्यातही त्याने ‘टार्कस’ वापरलं. बाराव्या शतकातल्या सामुराईंच्या लढाया आणि मागे पामरच्या सरावातून निघालेला ठेका! वाद्यवृंदाकडून आयुष्यभर उसनं घेणाऱ्या एमर्सनकडून वाद्यवृंदाने उसनं घेतलं, आणि ते त्याला हयातीत पाहायला मिळालं.

केंटकीचं फिडल, न्यूयॉर्कचं बॅले, लंडनचा ऑर्गन

१९३७ साली अ‍ॅलन लोमॅक्स हा लोकसंगीताचा संग्राहक केंटकीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन फिरत होता. तिथे विल्यम स्टेप नावाच्या फिडलवादकाने त्याला ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ ही धून वाजवून दाखवली. रूथ क्रॉफर्ड सीगरने ती कागदावर उतरवली. एरॉन कोपलँडने तिथून ती उचलली आणि १९४२ मध्ये ‘रोडिओ’ या बॅलेच्या शेवटच्या नाचात, ‘होडाउन’मध्ये, जवळपास जशीच्या तशी ठेवली. तीस वर्षांनी, १९७२ च्या ‘ट्रिलॉजी’ अल्बममध्ये, ती एमर्सनच्या हॅमंडवर आली, दुप्पट उत्साहात. मूगचा एक सूर सायरनसारखा वर चढत जातो आणि तिघे सुटतात. मधे एमर्सन आणखी काही अमेरिकन लोकधुनांचे तुकडे पेरतो. खेड्यातल्या एका वादकाची बोटं इतक्या हातांतून फिरून आली तरी धुनेतली धूळ आणि घाम शाबूत आहे. कित्येक मैफिलींची सुरुवात ते याच धुनेने करत.

त्याच अल्बमच्या शेवटी ‘अबॅडन्स बोलेरो’. रॅव्हेलच्या ‘बोलेरो’ची युक्ती इथे आहे: बारीक आवाजात एक सुरावट सुरू करायची, दर फेरीला नवा रंग चढवायचा आणि शेवटी छप्पर उडवायचं. फरक एकच, खरा बोलेरो तीन मात्रांचा आणि हा चार मात्रांचा. स्टुडिओत मूगचे थरावर थर चढवून केलेली ही धून मंचावर तिघांच्यानं वाजवणं महाकठीण. लेकला बास सोडून कीबोर्डवर बसावं लागे. त्यामुळे ती मैफिलीत फारशी वाजलीच नाही. आठ मिनिटं धीर धरून ऐकायची तयारी असेल तरच लावा.

जिनिव्हाची वारी

आता माझ्या यादीतला पहिला क्रमांक. १९७३ च्या ‘ब्रेन सॅलड सर्जरी’मधली ‘टोकाटा’.

ईएलपीच्या आधी एमर्सन ‘द नाइस’ या बँडमध्ये होता. त्या काळात लॉस एंजेलिसमध्ये एका टीव्ही कार्यक्रमाच्या वेळी त्याने जोआव कार्लोस मार्टिन्स या ब्राझीलच्या पियानोवादकाला काहीतरी भयंकर वाजवताना ऐकलं. तो होता आल्बेर्तो जिनास्तेरा या अर्जेंटिनाच्या संगीतकाराच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्तोचा चौथा भाग. १९६१ मध्ये वॉशिंग्टनला या कॉन्चेर्तोचा पहिला प्रयोग झाला तोही मार्टिन्सच्याच हातून. त्या सुरांनी एमर्सनची पाठ सोडली नाही.

काही वर्षांनी ईएलपीने ते बसवलं, पण बार्टोक प्रकरणातून धडा मिळालेला होता. जिनास्तेरा हयात होता, जिनिव्हात राहत होता. प्रकाशकांकडून काम होईना, तेव्हा एमर्सनने थेट त्यालाच फोन लावला आणि टेप घेऊन विमानाने जिनिव्हा गाठलं. एमर्सन पुढे ही हकिगत रंगवून सांगत असे. जिनास्तेराने टेप लावली, थोडंसं ऐकलं आणि थांबवली. तोंडून एकच शब्द निघाला, ‘सैतानी’ या अर्थाचा. एमर्सनला वाटलं, संपलं सगळं. पण जिनास्तेराला ती शिवी द्यायची नव्हती. त्याने टेप पुन्हा लावून शेवटपर्यंत ऐकली आणि आपल्या संगीताचा गाभा असा आजवर कुणी पकडला नव्हता, अशी पावती दिली. परवानगी मिळाली. अल्बमवर कॉन्चेर्तोचा उल्लेख ठसठशीत छापला गेला.

ही धून नीट ऐकायची तर आधी पामरकडे कान द्या. सुरुवातीला मूग फुत्कार टाकतो, टिंपनी घुमतात आणि मग ऑर्गन, बास, ड्रम एकमेकांच्या अंगावर धावून जातात. मधे सगळं ओसरतं आणि पामरचा भाग येतो, जो त्याने स्वतः रचलेला आहे. टिंपनी, घंटा, मोठा गाँग. नंतर अंतराळातून आल्यासारखे विजेरी फवारे उडू लागतात. अनेकांची समजूत अशी की हे एमर्सनचे कीबोर्ड. नाही! ते ड्रमच आहेत. पामरने ड्रमना छोटे सिंथेसायझर जोडून घेतले होते, काठी पडली की तिकडून सूर निघे. १९७३ साली ‘इलेक्ट्रॉनिक ड्रम’ हे शब्दही फारसे कुणाच्या तोंडी नव्हते. आज लग्नाच्या वरातीतही इलेक्ट्रॉनिक पॅड असतं, त्यामुळे त्या वेळचा अचंबा कळायला जरा जोर लावावा लागतो. पण ‘टोकाटा’ आजही ऐकणाऱ्याला खुर्चीच्या कडेवर आणून बसवते.

याच अल्बममधल्या ‘कार्न एव्हिल ९’चा मधला भाग, ‘सेकंड इंप्रेशन’, हाही वाद्यांचाच. पियानोचा जॅझ, त्यात सॉनी रॉलिन्सच्या ‘सेंट थॉमस’ची कॅरिबियन झुळूक, मग एकदम रात्र झाल्यासारखा संथ उतार आणि पुन्हा धाव. अल्बमचं मुखपृष्ठ एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराचं. ‘एलियन’ चित्रपटातला राक्षस ज्याने घडवला तोच. पण ‘एलियन’ १९७९ चा, ईएलपीने त्याला गाठलं सहा वर्षं आधी.

सुऱ्या आणि गिरक्या घेणारा पियानो

एमर्सन ऑर्गनमध्ये सुऱ्या खुपसायचा हे तर चाहत्यांचं आवडतं दृश्य. त्याला एक उपयोगही होता: पट्ट्यांच्या फटीत सुरी रोवली की सूर दाबलेला राहतो आणि दोन्ही हात मोकळे होतात. ‘द नाइस’च्या दिवसांत त्याला सुऱ्या आणून दिल्या त्या सामान वाहणाऱ्या एका पोराने. हाच पोरगा पुढे ‘मोटरहेड’ या बँडचा लेमी म्हणून जगाला माहीत झाला.

६ एप्रिल १९७४ ला कॅलिफोर्निया जॅम या रॉक महोत्सवात एमर्सन पियानोसकट हवेत उचलला गेला आणि पियानोसकट गिरक्या घेऊ लागला. डोकं खाली, पाय वर. त्याची चित्रफीत आहे, जरूर पाहा.

पोलादी पामर

कार्ल पामरने १९७३ च्या सुमारास स्वतःसाठी स्टेनलेस स्टीलचा ड्रमसेट बनवून घेतला. त्याचं वजन टनांत मोजावं लागे. वर प्राण्यांची नक्षी कोरलेली, खाली फिरता मंच आणि डोक्यावर चर्चची घंटा, जिची दोरी तो दातात धरून ओढायचा.

एवढा तमाशा करणारा हा माणूस शिकाऊ वृत्तीचा होता, हे मला फार आवडतं. जगभर नाव झाल्यावर त्याने जेम्स ब्लेड्सकडे तालवाद्यांचे धडे घेतले. ब्लेड्स म्हणजे ब्रिटनमधला थोर तालवादक. जुन्या इंग्रजी चित्रपटांच्या सुरुवातीला उघडाबंब पहिलवान प्रचंड गाँग वाजवतो ना, रँक कंपनीचा? पहिलवान नुसता हात फिरवायचा, कानावर पडणारा आवाज ब्लेड्सचा.

त्या शिक्षणाचं फळ १९७७ च्या ‘वर्क्स, व्हॉल्यूम १’मध्ये दिसतं. दोन रेकॉर्डींचा हा अल्बम. तिघांना एकेक बाजू, चौथी सामाईक. पामरच्या बाजूवर बाखची एक ‘इन्व्हेन्शन’ आहे, तीत तो व्हायब्राफोन वाजवतो, अगदी शहाण्या विद्यार्थ्यासारखा. आणि तिथेच प्रोकोफिएव्हचा दणका आहे: ‘सिथियन स्वीट’चा दुसरा भाग, शत्रुदेव आणि काळ्या भुतांचा नाच. प्रोकोफिएव्हने हे संगीत मुळात दिआगिलेव्हच्या बॅलेसाठी लिहिलं होतं. दिआगिलेव्हने ते नाकारलं, मग त्याचं वाद्यवृंदासाठी स्वीट झालं. नाकारलेलं ते संगीत साठ वर्षांनी पामरच्या ड्रमवर मैफिली गाजवू लागलं.

पामर आता तिघांतला एकटाच उरला आहे. एमर्सन ११ मार्च २०१६ रोजी गेला, लेक त्याच वर्षी ७ डिसेंबरला. पामरने स्वतःच्या तिघांच्या बँडबरोबर या धुना वाजवत ठेवल्या, आणि त्यात कीबोर्डला जागाच ठेवली नाही. एमर्सनचे सूर गिटार आणि चॅपमन स्टिक या तारवाद्यावर वाजतात. कीबोर्डशिवाय ईएलपी ही कल्पना ऐकायला विचित्र वाटते, पण ‘द बार्बेरियन’ गिटारवर ऐकून पाहा, झकास बसते.

सामान्य माणसाचा जयघोष, कर भरायच्या दिवसांत

दुसरं महायुद्ध चालू असताना सिनसिनाटी सिम्फनीचा संचालक यूजीन गूसन्सने अमेरिकन संगीतकारांकडून फॅनफेअर, म्हणजे छोट्या जयघोषी धुना, मागवल्या. कोपलँडने १९४२ मध्ये लिहिली ‘फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन’, फक्त ब्रास आणि तालवाद्यांसाठी. शीर्षकामागे होतं उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस यांचं ‘सामान्य माणसाच्या शतका’बद्दलचं भाषण. गूसन्सने पहिल्या प्रयोगासाठी तारीख निवडली १२ मार्च १९४३, कारण तेव्हा अमेरिकेत आयकर भरायची मुदत मार्चच्या मध्याला संपायची. सामान्य माणसाचा सन्मान करायचा तर कर भरायच्या वेळीच करावा, ही कल्पना कोपलँडलाही पसंत पडली.

१९७६ मध्ये ईएलपी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी स्टुडिओत होतं. एमर्सनने ही धून ब्लूजला सोयीच्या ई स्वरात आणली, लेकने खाली झुलता शफल बास धरला, पामर सामील झाला आणि तिघे रंगले. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने टेप चालू ठेवली होती हे आपलं नशीब. आपण ऐकतो ती हीच उत्स्फूर्त बैठक. एमर्सनपुढे होता यामाहाचा जीएक्स-१, सुमारे ३०० किलोंचं सिंथेसायझर. त्यातून निघालेले ते तुताऱ्यांसारखे सूर कधीच विसरले जात नाहीत.

१९७७ मध्ये जवळपास तीन मिनिटांत बसवलेली छोटी आवृत्ती ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेली. शब्द नसलेल्या, शास्त्रीय मुळाच्या धुनेला हा मान! पूर्ण आवृत्ती साडेनऊ मिनिटांची. कोपलँडने परवानगी दिली होती आणि ऐकून पसंतीही कळवली. सुरुवातीला आणि शेवटी आपली धून ओळखू येते, मधे ही मुलं कुठे जातात ते मात्र आपल्याला कळलं नाही, असा त्याचा एकूण सूर होता. त्या ‘मधल्या’ भागासाठीच तर मी पूर्ण आवृत्ती ऐका म्हणतो. जीएक्स-१ तिथे कण्हतं, खिदळतं, बेभान होतं.

या धुनेची चित्रफीत माँट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये ऐन हिवाळ्यात काढली. रिकामं स्टेडियम, सगळीकडे बर्फ, कोटात गुरफटलेले तिघे. त्याच स्टेडियममध्ये ऑगस्टमध्ये ते ७० जणांचा वाद्यवृंद घेऊन परतले, तेव्हा सत्तर हजारांहून जास्त माणसं आली होती. मात्र इतका मोठा वाद्यवृंद गावोगाव फिरवण्याचा खर्च पेलवेना, म्हणून त्याच दौऱ्यात बहुतेक मैफिली तिघांनाच कराव्या लागल्या.

चुटपुटत्या चार

‘कानारियो’ (१९७८): ‘लव्ह बीच’ हा अल्बम टीकाकारांनी झोडपला, पण त्यात हे रत्न आहे. अंध स्पॅनिश संगीतकार होआकीन रोद्रिगोने १९५४ मध्ये गिटारवादक सेगोव्हियासाठी गिटार आणि वाद्यवृंदाची रचना केली, सतराव्या शतकातल्या गास्पार सान्झच्या धुनांवरून. त्यातला हा शेवटचा नाच. बाकी अल्बम सोडा, ही चार मिनिटं सोडू नका.

‘हाँकी टाँक ट्रेन ब्लूज’: मीड लक्स लुइसची बूगीवूगी. डाव्या हाताची आगगाडी, उजव्या हाताची शिट्टी. १९७६ मध्ये एमर्सनच्या एकट्याच्या नावावर आली आणि ब्रिटनच्या यादीत एकविसावी पोचली.

‘पीटर गन’: हेन्री मन्सिनीने १९५८ च्या टीव्ही मालिकेसाठी केलेली गुप्तहेरी धून. माँट्रियलच्या त्या मैफिलीच्या अल्बममध्ये सुरुवातीच्या छोट्या फॅनफेअरनंतर लगेच हीच येते.

‘मार्स’ (१९८६): पामर दुसऱ्या बँडमध्ये अडकला होता, म्हणून त्याच्या जागी कोझी पॉवेल आला आणि ईएलपी ही आद्याक्षरं टिकली. गुस्ताव्ह होल्स्टच्या ‘प्लॅनेट्स’मधला हा युद्धदेव मंगळ. हाही पाच मात्रांचा! लेक पूर्वी ‘किंग क्रिमसन’ या बँडमध्ये असताना १९६९ मध्ये ते मंचावर ‘मार्स’ वाजवत. रेकॉर्ड करायची वेळ आली तेव्हा होल्स्टच्या वारसांकडून परवानगी मिळाली नाही आणि ‘द डेव्हिल्स ट्रँगल’ नावाने वेगळं काही रचावं लागलं. होल्स्ट वारला १९३४ मध्ये. तेव्हाच्या ब्रिटिश कायद्याने पन्नास वर्षांचे हक्क १९८४ अखेर संपले. दोनच वर्षांत लेक ‘मार्स’सह हजर.

घर जळालं, त्या आगीचं संगीत

शेवटी एक अशी रचना जी संपूर्णपणे एमर्सनची आहे आणि जिच्यात मुंबईचा एक धागा आहे. ‘वर्क्स, व्हॉल्यूम १’वरची त्याची बाजू म्हणजे ‘पियानो कॉन्चेर्तो क्रमांक १’. लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद आणि संचालक जॉन मेयर. वाद्यवृंदासाठी लेखन करण्यातही मेयरचा हात होता.

हा मेयर कलकत्त्यात जन्मलेला. व्हायोलिन शिकायला तो मुंबईत मेहली मेहतांकडे होता, म्हणजे बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक आणि झुबिन मेहतांचे वडील. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला शिष्यवृत्तीवर लंडनला गेला, तिथल्या मोठ्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवलं. साठच्या दशकात जो हॅरियट या जमैकन सॅक्सोफोनवादकाबरोबर त्याने ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ उभं केलं, सतार आणि तबला जॅझच्या मंचावर नेला. दोन जगांचे सूर एका वहीत लिहायची सवय असलेला माणूस एमर्सनला मिळाला, यापेक्षा योग्य जोडी शोधून सापडली नसती.

कॉन्चेर्तोचे तीन भाग आहेत. पहिला खेळकर, दुसरा चटकन संपणारा आणि गोड. तिसऱ्याची गोष्ट वेगळी. १९७५ मध्ये एमर्सनचं ससेक्समधलं घर आगीत जळालं. ‘टोकाटा कॉन फुओको’ हा तिसरा भाग त्या संतापातून आला. खालच्या पट्ट्यांवर पियानो आदळतो, ब्रास भडकत जातं, मधे काही क्षण निवतं आणि पुन्हा पेटतं. रॉकवाल्याने शास्त्रीय संगीताची हौस भागवली असं तेव्हा काही जणांनी नाक मुरडून म्हटलं. मला ते पटत नाही. इथे उसनं काही नाही, बार्टोक आणि जिनास्तेरा यांच्याकडून शिकलेलं सगळं पचवून एमर्सन स्वतःचं बोलतो आहे. अमेरिकन पियानोवादक जेफ्री बीगलने हा कॉन्चेर्तो पुढे मैफिलींत वाजवला, ध्वनिमुद्रितही केला, आणि तोही शास्त्रीय वादकाच्या नेहमीच्या पद्धतीने: समोर वाद्यवृंद आणि संगीतकार म्हणून कार्यक्रमपत्रिकेवर कीथ एमर्सनचं नाव.